दोन अर्धी, एक पूर्ण

खिडकीतल्या बाईने हातमोजे न काढताच तिकिटं फाडली :
पोराचं अर्धं, निवृत्त खाणकामगार म्हणून बाबांचं अर्धं,
पूर्ण माझं एकटीचं.
कारागांदात मार्चमधला बर्फ पांढरा नसतो,
कोळशाची पूड बसून बसून त्याला भटक्या मांजराचा रंग येतो.
पाणघोड्याचं घर बंद. पाटी म्हणते, दुरुस्ती चालू.
ही पाटी मी लहान असतानाही होती.

एलदोस पुढे पळतो, हातमोजे दोरीवर लोंबकळत.
याकच्या केसांत गवत अडकलंय म्हणून हसतो,
तीन पायांच्या लांडग्यापाशी मात्र गप्प.
राखणदार रौशन बादली खाली ठेवून सांगते,
सापळ्यातून सोडवून आणला,
बाहेर एक हिवाळा काढला नसता याने.
इथे सात काढलेत.
ती हे अभिमानाने सांगते, आणि तो अभिमान खोटा नाही;
बादलीची कडी धरधरून तिच्या तळव्याला घट्टा पडलाय.
लांडगा भिंतीच्या कडेने फिरतो,
दर वळणावर, जिथे चौथा पाय असायचा, तिथे जरासा खचतो.
सिमेंटवर त्याची वाट उमटली आहे,
रानात उमटते तशीच, फक्त गोल.
सात हिवाळे म्हणजे किती, हे कुणी मोजायचं?
पण मी कोण विचारणारी,
लांडगा दाखवीन असं पोराला मीच कबूल केलेलं,
दात घासावेत म्हणून.

गरुडाच्या जाळीपुढे बाबा थांबतात.

त्यांच्या वडिलांकडे अशीच मादी होती, शिकारीची.
डोळ्यांवर कातड्याचं टोपडं, पायांत वाद्या,
दहा हिवाळे त्यांच्या मनगटावर.
(पिंजऱ्यात नव्हती हं, असं आमच्याकडे आवर्जून सांगतात.)
अकराव्या वसंतात तिला डोंगरात नेलं, रिवाजाप्रमाणे.
मेंढी कापून पुढ्यात ठेवली, वाद्या तोडल्या,
अंधार पडल्यावर घोड्यावर बसून निघाले, मागे न बघता.
एवढी गोष्ट आम्हाला पाठ.
लग्नात, चहावर, पाहुण्यांपुढे
ती इथेच संपते.

आज जाळीला कपाळ टेकवून ते पुढचं सांगतात :
"मी सहा वर्षांचा. घोड्यावर वडिलांच्या मागे.
त्यांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू
मी तिला हाक मारली."
मग?
"पहाटे दारात होती."
मग?
"मग काय. आमचीच राहिली.
दोन वर्षं. गोठ्यात."

एक चिमणी जाळीतून आत शिरते,
गरुडाच्या पाण्यात पंख फडफडवून आंघोळ करते,
आली तशी बाहेर.
एलदोस विचारतो, ही आतली का बाहेरची?
आम्ही दोघंही उत्तर देत नाही.
बाबांचे ओठ हलतात, आवाज नाही.
तीच हाक असावी.
मी अस्तानाची नोकरी सोडून घरी परतले त्या वर्षी
फोनवर ते फक्त "जेवलीस का" एवढंच विचारत,
तेही हळू.

गरुडमादी मान वळवत नाही.
तिच्या डोळ्यावर पांढरा पडदा एकदा सरकतो, उघडतो,
नजर आमच्यातून आरपार, आईस्क्रीमच्या बंद टपरीवर.
सुंदर आहे. हे लिहायला मला लाज वाटते, पण आहे.
इतक्या जवळून मी तिला दुसरीकडे कुठे पाहणार होते?

परतीच्या बसमध्ये एलदोस एक हात पोटाशी दुमडून
लांडगा करून दाखवतो, शिटांच्या मधल्या वाटेत.
वळणावर खचतोसुद्धा. अगदी हुबेहूब.
बायका हसतात. एक जण त्याला गोळी देते.
पुढच्या रविवारी परत जायचं, तो म्हणतो.
बाबा त्याला ओढून मांडीवर घेतात,
टोपी कानांवरून खाली करतात, डोळ्यांपर्यंत.
तो वर ढकलतो.
ते पुन्हा खाली ओढतात.
थंडी आहे बाहेर, म्हणतात, थंडी आहे.